शिक्षण झालं, आता पहिली नाईट कुठे मिळणार?

दर वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसात या कॉलमला नाटकवाल्या पोरापोरींची पत्रं यायला लागतात, कारण कोर्स उन्हाळ्यात संपलेला असतो, गावी येऊन महिना-दोन महिने झालेले असतात आणि घरचे विचारायला लागलेले असतात की आता पुढे काय. या वेळी पाच पत्रं घेतली. नावं काढली, गावाकडचा पत्ता तेवढा ठेवला, भाषा ज्याची त्याची तशीच आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण बाकी बऱ्याच पत्रांत तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आहे.

प्रश्न : ताई, मी सिंदेवाही तालुक्यातला. युनिव्हर्सिटीत दोन वर्षं नाट्यशास्त्रात एमए केलं. तिथे रोज तालीम असायची, कोणी ना कोणी नाटक बसवत असायचं, आता घरी आलो तर फोनच वाजत नाही. बॅचमधले तिघं मुंबईला गेले, ते म्हणतात तू पण ये, रूम शेअर करू. इकडे वडसाच्या एका नाटक कंपनीवाल्यानं निरोप पाठवला की सीझनला येतो का. पण आमचे सर झाडीपट्टीच्या नाटकाला नाटकच मानत नव्हते आणि मला पण भीती वाटते की एकदा तिकडे गेलो की ॲक्टिंग बिघडेल, मग मुंबईवाले घेणार नाहीत. घरी पैसे मागायची लाज वाटते. काय करू?

सरळ सांगते बापा, या सीझनला वडसाला जा. मुंबईला होळी झाल्यावर जा.

फोन वाजत नाही याचा तुझ्या ॲक्टिंगशी काही संबंध नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. युनिव्हर्सिटीत हॉल होता, लाइट होते, नाटक बसवणारा कोणीतरी होता आणि बघायला ज्युनियर-सिनियर हक्कानं येऊन बसायचे, म्हणजे काम तुझ्याकडे चालत यायचं. कोर्स संपला की ते सगळं एकदम बंद होतं, आणि काम मागायचं कसं, नाईट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन किती सांगायचं, पैसे अडकले तर कोणत्या शब्दात मागायचे हे तुला दोन वर्षांत कोणीच शिकवलेलं नसतं. भरताचं नाट्यशास्त्र शिकवतात, स्तानिस्लावस्की शिकवतात, ते पाहिजेच, पण कामाच्या बाजाराचा एक तरी पेपर प्रत्येक नाट्यविभागात असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पोरं बिचारी दोन वर्षं शिकून बाहेर पडतात आणि पहिल्याच व्यवहारात गांगरून जातात.

आता झाडीपट्टीचं. तुला माहीतच आहे पण वऱ्हाडाकडच्या वाचकांसाठी लिहिते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांचा धानाचा भाग म्हणजे झाडीपट्टी. इथे धानाची कापणी-मळणी झाली की माणसाच्या हाताला सवड आणि खिशाला थोडा पैसा असतो, भाऊबीजेपासून मंडई म्हणजे गावची जत्रा भरायला लागते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, पाहुणेरावळे गावात येतात आणि रात्री नाटक असतं. हे होळीपर्यंत चालतं. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र, कंपन्यांची बुकिंग ऑफिसं तिथे आहेत, गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं आणि तिकीट लावून करतं. पडदा उघडतो रात्री नऊ-दहाला आणि संपेस्तोवर पहाट होते. शिकलेल्या नटाला महाराष्ट्रात अजून कुठे लागोपाठ इतक्या रात्री, तिकीट काढून बसलेल्या हजारो माणसांसमोर उभं राहायला मिळतं ते मला सांग. मुंबईत गेलेल्या तुझ्या तिघा मित्रांना पुढच्या मार्चपर्यंत दहा ऑडिशन मिळतील, कदाचित एखाद्या सिरियलमध्ये दोन वाक्यं मिळतील. तू तोवर रोज रात्री अख्खं पात्र उभं करत असशील.

तुझ्या सरांचा राग धरू नको, पण त्यांचं हे मत मला मान्य नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. आणि दंडार, खडी गंमत या लोककलांच्या अंगणात उभी राहिलेली ही रंगभूमी सरकारी मदतीवर नाही, प्रेक्षकाच्या तिकिटावर जगते, ही साधी गोष्ट नाही.

तुझी भीती मात्र खोटी नाही. झाडीपट्टीत तालीम कमी होते. नाटकं भराभर बदलतात, आडून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरवर भिस्त ठेवायची सवय लागते, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून नट ओरडायला लागतो. मधेच घुसवलेले डान्स मला स्वतःला अजिबात आवडत नाहीत. पण ॲक्टिंग बिघडायची की नाही ते तुझ्याच हातात आहे. पाठांतर पहिल्या प्रयोगाच्या आधी पक्कं कर, प्रॉम्प्टर आहे हे विसरून जा. दुपारी गाडी निघायच्या आधी ज्याच्यासोबत मोठा प्रवेश आहे त्याला घेऊन अर्धा तास तेवढाच प्रवेश कर, कोणी हसलं तरी कर, आठ दिवसांनी तोच तुला बोलवायला येईल. प्रेक्षक कुठल्या वाक्यावर हसला, कुठे बाया रडल्या, कुठे मागे चुळबुळ सुरू झाली ते गाडीतच वहीत लिहून ठेव. हीच वाक्यं दुसऱ्या गावात दुसऱ्या जागी लागतात, आणि ते का होतं याचा विचार करणं हे खरं एमए आहे. आणि आवाज सांभाळ. कोर्समध्ये पोटातून श्वास घ्यायला शिकवलं ना, ते इथेच कामाला येणार, गळ्यानं ओरडलास तर डिसेंबरातच बसशील. दोन आठवडे झाले तरी घसा मोकळा होत नसेल तर काढे पीत बसू नको, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरला दाखव.

हो म्हणायच्या आधी मालकाशी बोलून घेजो. किती प्रयोगांची नाईट पक्की, अवकाळी पाऊस आला किंवा मंडळानं नाटक रद्द केलं तर काही मिळते की नाही, जेवण-गाडी कोणाची, ॲडव्हान्स दिला तर तो कसा कटणार, मधे एखादं महत्त्वाचं ऑडिशन आलं तर दोन दिवस सोडतील का. मालक लोकांना कागद आवडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर सरळ भाषेत लिहून टाक, "भाऊ, आपलं असं असं ठरलं, बरोबर ना?" त्यानं "हो" म्हटलं की झालं. हे अविश्वासाचं नाही, दोघांच्याही सोयीचं आहे.

सीझनचे पैसे वाचवजो, कारण मुंबईत तेच कामी येणार. टीव्हीचे पैसे काम केल्यावर साधारण ९० दिवसांनी येतात, हे बाहेरून गेलेल्या पोरांना कोणी सांगत नाही. म्हणजे गेल्या गेल्या काम मिळालं असं धरलं तरी पहिले तीन-चार महिने घरभाडं, मेस, लोकल सगळं पदरचं. पॅन कार्ड आणि चालू बँक खातं आत्ताच करून ठेव. टीव्हीची कंपनी मानधनातून १० टक्के टीडीएस म्हणजे आयकर आधीच कापते, आणि वर्षाची कमाई कमी असेल तर आयकराचं रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात, पण रिटर्न न भरल्यानं कितीतरी पोरांचे पैसे तसेच पडून राहतात. तुझे पैसे आहेत ते, सोडू नको.

आणि सीझनचा व्हिडिओ कास्टिंगवाल्यांना पाठवू नको. त्यांना तू पाच हजार माणसांसमोर कसा बोलतो ते बघायचं नसतं, दोन फुटांवरच्या माणसाशी कसा बोलतो ते बघायचं असतं. त्यासाठी वेगळा सेल्फ टेप, म्हणजे घरीच फोनवर काढलेला ऑडिशनचा व्हिडिओ, कर. सकाळच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, उजेड तोंडावर येईल असा उभा राहा, भिंतीमागून मोटरपंपाचा आवाज येत नाही ना ते बघ. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, कशावर तरी टेकवून. आधी नाव, वय, उंची, कुठला, कोणत्या भाषा येतात, मग डावी-उजवी बाजू दाखव, मग एक मिनिटाचा प्रवेश मराठीत आणि एक हिंदीत. समोरची वाक्यं म्हणायला बहिणीला कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभं कर, म्हणजे तुझी नजर बरोबर जागी राहते. आवाज घरातल्या बोलण्याएवढाच ठेव. पहिल्या दोन-चार वेळा रंगमंचाची भुवई वर जाईल, ती खाली आली की पाठव.

एक अजून. वय २५ च्या आत असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. त्याला आधीचं पाच वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यामुळे एमएच्या आधी गावातल्या ज्या गुरुजींकडे शिकलास त्यांचं लिहून आण. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार असेल तर वयाची अट ३० पर्यंत आहे आणि नाटकांत काम केल्याचे पुरावे मागतात, म्हणून झाडीपट्टीचं प्रत्येक हँडबिल, ज्यावर तुझं नाव छापलंय, ते प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेव. पावसाळ्यात घरात वाळवी लागते, पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं बरं.

प्रश्न : ताई, मी घाटंजी तालुक्यातली. पुण्याले दोन वर्ष नाटक शिकली. तिथं सगळे म्हणत का तुह्या बोलण्यातली वऱ्हाडी काढ, नाई तं काम नाई भेटन. मी लय मेहनत करून काढली. आता घरी बोलली तं आई म्हणते तू पाव्हणीवानी बोलून राह्यली. मांगच्या महिन्यात एका सिरियलच्या ऑडिशनले गेली तं तिथं म्हणे वऱ्हाडीत बोलून दाखवा, आन माह्याच्यानं बोलनंच झालं नाई, सगळं नकली वाटे. आता मी काय करू? दुसरं म्हणजे झाडीपट्टीत काम करायची इच्छा हाये, पण रातभर बाहेर राह्यनं म्हटलं तं घरचे नाई म्हणून राह्यले.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला, पण पत्रच सांगते की तुझी बोली कुठे गेलेली नाही. लिहिताना आली ना? तशीच बोलतानाही येणार.

प्रमाण मराठी नटाला आलीच पाहिजे, त्यात मला काही वावगं वाटत नाही. जुनी संगीत नाटकं, ऐतिहासिक नाटकं, निवेदन, डबिंग, यातलं कितीतरी काम त्याशिवाय मिळत नाही. पण शिकवणाऱ्यांनी "ही पण शिक" म्हणायच्या ऐवजी "ती काढून टाक" म्हटलं, तिथे त्यांचं चुकलं. तुझ्याच जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांनी विदर्भातल्या वाड्यातली माणसं मराठी रंगभूमीवर त्यांच्या बोलीसकट आणली. अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंना सगळा महाराष्ट्र ओळखतो तो वऱ्हाडी बोलण्यामुळेच. आता तर सिरियलवाल्यांनाच बोली पाहिजे असते, पुण्या-मुंबईच्या पोरी ती पाठ करून येतात आणि ऐकवत नाही.

करायचं काय, तर आईसोबत, आजीसोबत वावरात जा, वेचणीला, निंदणाला, आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड कर, त्यांना विचारूनच. शब्दांपेक्षा चाल ऐक. वाक्य कुठे चढते, कुठे दम घेते, राग आला की आवाज वर जातो का उलटा खाली येतो. मग एकच स्वगत दोन्हीत लिहून रोज दोन्हीत म्हण, एकदा असं, लगेच तसं. महिन्याभरात गिअर बदलायला लागेल. आणि ऑडिशनला वऱ्हाडीत बोला म्हटलं की आधी विचार, पात्र कुठल्या जिल्ह्यातलं आहे? डोळ्याला तुझ्याकडे डोया म्हणतात, झाडीकडे डोरा म्हणतात, बुलडाण्याचं बोलणं अजून वेगळं. ज्यानं हा प्रश्न विचारला त्याला काम येतं हे समोरच्याला तिथेच कळतं. हसवायसाठी तोंड वेडंवाकडं करून बोलायला सांगितलं तर एकदा साधं, खरं करून दाखव आणि म्हण की आमच्याकडे असं बोलतात. बहुतेक वेळा तेच ठेवतात.

आकाशवाणीचं नाट्य-ऑडिशन पण दे. नागपूर केंद्र आहे, यवतमाळला पण केंद्र आहे, ऑडिशन कधी आहे ते तिथे जाऊन विचार. तिथे बी, बी हाय, ए असे ग्रेड मिळतात. पैसा फार नाही पण नुसत्या आवाजावर माणूस उभा करायचा सराव होतो, आणि तुला आत्ता नेमका तोच पाहिजे.

रातच्या प्रवासाचं. घरच्यांची काळजी खरी आहे, त्यांच्याशी भांडून जाऊ नको, त्यांना घेऊन जा. एकदा आई-बाबांना सोबत घेऊन कंपनीच्या ऑफिसला जा, मालकाला भेटव, आणि विशेष म्हणजे त्या कंपनीत आधीपासून काम करणाऱ्या बायांशी आईला बोलू दे. एक काळ असा होता की झाडीपट्टीत बायांची कामं पुरुष करायचे, आज कितीतरी बाया या कामावर घर चालवतात, लेकरं शिकवतात. त्या आईला जे सांगतील ते मी इथून सांगू शकत नाही. कपडे बदलायला बंद जागा आहे का, गाडीत अजून बाया आहेत का, नाटक संपल्यावर उजाडेपर्यंत थांबायची सोय काय, हे उघड विचारायचं, लाजायचं नाही. आणि कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नाटक कंपनीलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर मालकाला अंतर्गत समिती ठेवावी लागते, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आईला हेही सांग, तिला बळ येईल.

प्रश्न : नमस्कार. आर्वी तालुक्यात कोरडवाहू शेती हाये, कापूस-तूर. पोराले बारावीनंतर नाटकाचा कोर्स करू दिला, मनाई नाई केली. आता तो म्हणते मुंबईले नाई जात, गावातच नाटकाची कंपनी काढतो, दोन एकर इका (विका) आन भांडवल द्या. माह्यं एवढंच विचारणं हाये का याच्यात पोट भरते का नाई. खरं खरं सांगा.

काकाजी, तुम्ही पोराला मनाई केली नाही यासाठी तुमचे आधी आभार मानते, आपल्या भागात अशी माणसं कमी आहेत.

जमीन विकू नका. एक एकरही नाही.

पण पोराचं म्हणणं वेडेपणाचं नाही हेही सांगते. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांचं खेडं आहे. तिथल्या के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये गावातल्या लोकांना घेऊन नीनासम ही संस्था काढली. १९८० मध्ये तिथे नाटकाची शाळा सुरू झाली, आणि १९८५ पासून त्यांची फिरती मंडळी दर वर्षी नाटकं घेऊन गावोगाव जाते. शिकलेली पोरं त्यात पगारी नट म्हणून काम करतात. म्हणजे खेड्यात राहून होतं. पण १९४९ आणि १९८५ यात किती वर्षं गेली तेही पाहा. पहिल्या दिवशी कंपनी नव्हती, आधी नाटक होतं, प्रेक्षक होता, मग हळूहळू बाकीचं.

म्हणून पोराला म्हणा, आधी दुसऱ्याच्या कंपनीत एक वर्ष काम कर आणि स्टेजच्या मागे राहून हिशोब शिक. गाडीचं डिझेल, मंडप, साउंड, जेवणं, रद्द झालेली रात्र, उधारी, हे सगळं दुसऱ्याच्या पैशावर शिकलेलं बरं. त्यानंतर दोन-तीन नटांचं, सेट नसलेलं, एका मोटारसायकलवर नेता येईल असं नाटक करू दे, आर्वी-कारंजा-आष्टीच्या शाळा-कॉलेजांत प्रत्येक प्रयोगाचे ठरवून पैसे घेऊन. फुकट करू नये. फुकट केलेल्या प्रयोगाला टाळ्या येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुकटच बोलावतात. राज्य नाट्य स्पर्धेत जरूर उतरावं, नाव होतं, ओळखी होतात, पण ते पोटाचं साधन नाही. केंद्र सरकारची नाट्यमंडळ्यांना मदत मिळते, पण त्याला नोंदणी केलेली संस्था आणि केलेलं काम लागतं, आणि पैसे हातात यायला वेळ लागतो, त्या भरवशावर दुकान मांडता येत नाही.

पोट भरतं का, तर नुसत्या नटपणावर पहिली काही वर्षं बहुतेकांचं भरत नाही, हे खरं आहे. ज्यांचं भरतं ते तीन-चार कामं जोडून करतात, शाळेत नाट्यशिबिरं, सरकारी योजनांची पथनाट्यं, आकाशवाणी, निवेदन, सीझनला नाटक. त्यानं पदव्युत्तर केलं तर नेट परीक्षेत नाट्य हा विषय आहे, म्हणजे प्राध्यापकीचा रस्ता पण बंद नाही. तुमच्याकडे एक अडचण अशी की झाडीकडे धान निघालं की माणूस मोकळा होतो, तुमच्याकडे कापसाची वेचणी ऐन नाटकाच्या सीझनला असते, तेव्हा त्याचे हात तुम्हाला लागतील. हे बापलेकानं दिवाळीच्या आधी बसून ठरवा, कोणते दिवस वावराचे, कोणते नाटकाचे. दोन वर्षांची मुदत द्या, आणि मुदत संपताना तो प्रसिद्ध झाला का ते बघू नका, पैसे मिळालेली कामं पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी वाढली का ते बघा. वाढली असतील तर पोरगा रस्त्यावर आहे असं समजा, योग्य रस्त्यावर.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातला, आयटीआय इलेक्ट्रिशियन. कॉलेजच्या नाटकात लाइट करायचो तर नाट्यशिबिरात पण लाइटच शिकलो. ॲक्टिंग येत नाही. यात करिअर आहे का?

आहे, आणि नटापेक्षा लवकर आहे. शंभर पोरं नट व्हायला येतात तेव्हा लाइटला दोन येतात, आणि त्या दोघांपैकी आयटीआय झालेला एखादाच, म्हणजे लोडचा हिशोब, अर्थिंग, तीन फेज हे ज्याला कळतं असा. उघड्यावरच्या स्टेजवर दवानं ओल्या झालेल्या वायरी असतात, तिथे तुझ्यासारख्या माणसामुळे जीव वाचतात. एक सीझन झाडीपट्टीच्या कंपनीत कर, मग नागपूरच्या वसंतराव देशपांडे किंवा सुरेश भट सभागृहात बाहेरची नाटकं येतात तेव्हा त्यांच्या प्रकाशयोजनाकाराला भेट आणि सेटअपला हात लावू दे म्हण. नुसतं बटण दाबणं आणि प्रकाशयोजना करणं यात फरक आहे, त्यासाठी नाटकाची संहिता वाचायची सवय लाव, कोणत्या वाक्यावर उजेड का बदलायचा ते पेन्सिलीनं समासात लिहित जा. पुढे इच्छा झाली तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयात डिझाइनचं पण शिक्षण आहे, तिकडे नटच पाहिजे असं काही नाही. त्याला पदवी लागते, म्हणून मुक्त विद्यापीठातून बीए सुरू करून दे.

प्रश्न : मी रिसोड तालुक्यातली, वय २१. इन्स्टाग्रामवर एका कास्टिंग एजन्सीचा मेसेज आला, वेबसिरीजमध्ये हिरोइनच्या बहिणीचा रोल पक्का म्हणाले. आर्टिस्ट कार्ड आणि रजिस्ट्रेशनचे म्हणून पैसे मागितले, मी आईचे साठवलेले पाठवले. आता कॉस्च्युमचे अजून मागून राहिले. घरी कोणाला सांगितलं नाही.

अजून एक रुपया पाठवू नको आणि आज, हे वाचलं की लगेच, १९३० वर फोन कर. ऑनलाइन फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवशील तितकी समोरच्याच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त, म्हणून लाजेत दिवस घालवू नको. पैसे कोणत्या ॲपवरून, कोणत्या नंबरला, कधी गेले ते आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेव, समोरच्याला ब्लॉक करायच्या आधी काढ. बँकेतही लेखी दे.

काम देणारा माणूस नटाकडून पैसे घेत नाही, त्याला देतो. ऑडिशनला फी नसते, न बघता रोल पक्का होत नाही, कॉस्च्युम प्रोडक्शन देतं. खाजगी फोटो पाठव, एकटीच हॉटेलवर ये, असं कोणी म्हटलं तर तिथेच बोलणं बंद. खरं ऑडिशन असेल तर ते तुला पात्राचा प्रवेश आधी पाठवतील, ऑफिसचा पत्ता देतील आणि सोबत भावाला आणलं तरी हरकत घेणार नाहीत.

आईला आजच सांग. ती रागावेल, पण १९३० ला फोन करताना ती बाजूला असलेली बरी, आणि खातं तिच्या नावावर असेल तर तक्रारीला ती लागणारच आहे.